डबी सापडली, पुढे काय?

१८५४ साली जेम्स पेरट या वाटाड्याने इंग्लंडमधल्या डार्टमूरवर, क्रॅनमिअर पूलपाशी एक बाटली ठेवली. कशासाठी? तर येणाऱ्यांनी आपलं व्हिजिटिंग कार्ड टाकावं म्हणून! तिथवर दलदल तुडवत जावं लागे, त्यामुळे त्या कार्डाला किंमत.

२ मे २००० ला अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढली, आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मरने ओरेगॉनमध्ये बादली पुरली. आत पुस्तकं, गलोल आणि चक्क बीन्सचा डबा! इथून जिओकॅशिंग सुरू झालं. बादली रस्त्यालगतच होती बरं का. पण नुसत्या आकड्यांवरून पोचता येतं का, हेच तेव्हा नवल होतं. आता फोन तेवढं सहज करतो. मग पार्किंगमधल्या दिव्याच्या खांबाशी डबी सापडते, सही करायची, निघायचं. मला विचाराल तर पेरटची बाटलीच बरी.