झाडाचे चित्र आणि चित्रकाराचे नाव

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा कमिटीने आग्रह धरला तेव्हा मी म्हटलं, ‘बँकेत आयुष्यभर आकडेच लिहिले, मला काय सुचणार?’ पण रिटायर झाल्यापासून सकाळी राणीच्या बागेत फिरायला जातो. तिथली झाडे बघता बघता झाडांच्या चित्रांचा नाद लागला. त्याचीच ही हकिगत.

ही बाग आपल्या लालबाग-परळच्या शेजारचीच. 19 नोव्हेंबर 1862 रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. त्याआधी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग शिवडीला होती. त्या जागी पुढे दफनभूमी झाली. राणीच्या बागेतली गोरखचिंच आणि कैलासपती आजही मान वर करून बघावे लागतात.

त्या काळी झाडाची नोंद करायची म्हणजे फांदी कागदात दाबून वाळवायची. पण वाळल्यावर आकार राहतो, फुलाचा रंग जातो. म्हणून चित्रकार लागे. ताजी फांदी कोमेजायच्या आत पान, फूल, फळ जसेच्या तसे जलरंगात उतरवायचे. मनाचे काही घालायचे नाही. आमच्या लेजरसारखेच काम, खाडाखोड चालत नाही!

आपल्याकडचे उत्तम उदाहरण पुण्याजवळच्या दापोडीचे. तिथे 1828 मध्ये सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले. 1838 पासून त्याची व्यवस्था डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे होती. 1847 ते 1850 च्या सुमारास त्यांनी तिथल्या वनस्पतींची सुमारे 170 चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत आणि 2002 साली त्यांच्यावर पुस्तकही निघाले. गिब्सनसाहेबांचे नाव राहिले, झाडांची लॅटिन नावे राहिली. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढेच कळते. त्याचे नाव मिळत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर एंट्री आहे, पण नाव नाही.

आणि त्याच्या कितीतरी आधी, मलबारच्या वनस्पतींवरच्या ‘हॉर्टुस मलबारिकुस’ या डच ग्रंथात रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन वैद्यांची नावे छापली गेली. त्यांचे 1675 सालचे प्रमाणपत्र कोकणीत, नागरी लिपीत आहे. म्हणजे मनात असले तर नाव लिहिता येत होते.

व्हीटीला मी 30 वर्षे रोज उतरलो. 1888 मध्ये पूर्ण झालेल्या त्या इमारतीवर दगडात पाने, फुले, मोर, माकडे कोरलेली आहेत. त्या नक्षीकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा मोठा हात होता. वास्तुकार स्टीव्हन्सचे नाव पुस्तकांत येते, त्या पोरांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. नोकरीत असताना गाडी पकडायच्या घाईत मी वर बघितलंसुद्धा नाही.

1883 साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर ब्लॅटर आणि सोसायटीचे मिलार्ड यांचे भारतीय वृक्षांवरचे सचित्र पुस्तक 1937 मध्ये आले. बहावा, गुलमोहर, तामण ही रस्त्यावरची झाडे त्यामुळे घरातल्या कपाटात आली.

आता आपल्या अंगणाकडे येतो. जुन्या सभासदांना गेटजवळचा बदाम आठवत असेल. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीसाठी तो काढावा लागला. रीतसर परवानगी घेतली होती. खजिनदार म्हणून त्या खर्चाच्या चेकवर माझी सही आहे. टाकी हवी होती, हे आजही खरे. पण आपण त्या झाडाचा एक फोटोही काढून ठेवला नाही.

मात्र त्याच्या आदल्या वर्षी गणपतीत मुलांची चित्रकला स्पर्धा झाली होती. सगळी चित्रे जिन्याच्या पॅसेजमध्ये दोरीला चिमट्यांनी लावली होती. त्यातले एक चित्र परवा ऑफिसच्या कपाटात जुन्या फायलीत सापडले. तोच बदाम! लाल पडलेली पाने, खाली फोडलेले बदाम, बुंध्याला टेकवलेली सायकलही. मागे ‘गट ब’ लिहिले आहे. नाव नाही.

स्पर्धेची नोंदवही माझ्याकडेच होती. चित्रावर नाव लिहून घेणे माझे काम होते, ते राहिले.

हे चित्र रौप्यमहोत्सवाच्या दिवशी खाली हॉलमध्ये लावणार आहोत. ज्याने किंवा जिने ते काढले, ती व्यक्ती आता नोकरी-संसारात असेल, कदाचित परदेशातही असेल. पालकांनी जरूर कळवावे. चौकटीखाली नावाची जागा मोकळी ठेवली आहे.