महालचा नगारखाना

गेल्या वैशाखांतील एका सायंकाळीं नागपुरांत मोकळ्या मैदानावर संगीताचा जलसा होता. देशोदेशींचे वादक आले होते. एका तुर्की वादकानें झुर्ना फुंकतांच शेजारचे वृद्ध गृहस्थ उद्गारले, "अहो, ही तर आपली सनई!" पलीकडचा तरुण म्हणाला, "आजोबा, आपलें तें आपलें. परक्यांचें तें परक्यांचें." दोघांत खरा कोण, याचा विचार करीत मी महालांतून घरीं परतलों.

याच महालांत नागपूरकर भोसल्यांचा काळ्या पाषाणाचा व कोरीव लांकूडकामाचा राजवाडा होता. त्याच्या महाद्वारालाच नगारखाना म्हणत. 'नगारा' हा शब्द मूळचा अरबी 'नक्कारा'. तो पूर्वेस आपल्याकडे आला, तसा पश्चिमेसहि गेला. इ. स. १२४९ त फ्रान्सचा राजा नववा लुई धर्मयुद्धासाठीं इजिप्तांत उतरला, तेव्हां शत्रूच्या नगाऱ्यांचा भयंकर घोष झाल्याचें त्याच्यासोबतच्या ज्वांव्हिलनें लिहून ठेविलें आहे. पुढें तेंच वाद्य फ्रेंचांत 'नाकेर' व इंग्रजांत 'नेकर' या नांवानें रूढ झालें. १७८२ त मोझार्टनें व्हिएन्नांत आपल्या संगीतनाटकास तुर्की फौजी वाद्यांचा साज चढविला, तेव्हां नागपुरास मुधोजी भोसले राज्य करीत होते. सनईचेंहि तसेंच, इराणची सुर्ना, तुर्कांची झुर्ना आणि आपली सनई हीं एकाच कुळांतलीं भावंडें होत.

म्हणजे वृद्ध गृहस्थच खरे. परंतु तरुणाचा प्रश्न तेवढ्यानें सुटत नाहीं. मग आपलें तें कोणतें? मला वाटतें, ज्याला आपण पोसतों तें आपलें. १८५३ त तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, १८५४ त राज्य खालसा झालें आणि १८६४ त राजवाडा आगींत जळाला. महाद्वार तेवढें उरलें. कला परकी म्हणून मरत नाहीं. पोशिंदा गेला म्हणजे मरते.

हें लिहितांना मला स्वतःचीच लाज वाटते. घरच्या लग्नांत मीं सनईवाल्याशीं बिदागीवरून घासाघीस केली आणि शेवटीं ध्वनिमुद्रिकेवर भागविलें. त्या सायंकाळीं मात्र झुर्नेसाठीं तिकिटाचे पैसे आनंदानें मोजले! राजे गेले, हें खरें. पण राजांच्या माघारीं पोशिंद्याचें कर्तव्य आपणां सुशिक्षितांकडे आलें होतें, हें आपण सोयीनें विसरलों.