अवैध पत्त्याची कुळकथा

वेबसाइटवरच्या फॉर्ममध्ये रोजच्या वापरातला ई-मेल पत्ता लिहावा आणि खाली लाल अक्षरांत ‘पत्ता अवैध आहे’ असं उमटावं, हा अनुभव ‘डॉट कॉम’वाल्यांना सहसा येत नाही. पत्त्याचा शेवट ‘डॉट म्युझियम’, ‘डॉट ऑनलाइन’ किंवा ‘डॉट भारत’ असला की येतो. इंटरनेटच्या लेखी हे पत्ते पूर्ण वैध आहेत. अडवतं ते फॉर्ममागचं सॉफ्टवेअर. त्याची ही सवय बरीच जुनी आहे, आणि ती लागली तेव्हा तिच्यात गैर काही नव्हतं.

आधी एक यादी होती. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यावरच्या संगणकांची नावं आणि क्रमांक असलेली ही फाइल कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कला, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळायचा आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. संगणक वाढले तशी ती आटोक्याबाहेर गेली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नावांची व्यवस्था मांडली आणि नावांची जबाबदारी वाटून दिली. ऑक्टोबर १९८४ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांच्या टिपणात कॉम, एज्यु, गव्ह, मिल, ऑर्ग ही एक्स्टेन्शन्स आली, नेट त्यानंतर. १९८७ च्या मानकात नावाच्या प्रत्येक तुकड्याला ६३ अक्षरांपर्यंत मुभा होती. पुढे ती विस्मरणात गेली.

विसरण्याचं कारण समजण्यासारखं आहे. मार्च १९९४ मध्ये खुद्द पोस्टेल यांनी लिहून ठेवलं की सर्वसाधारण एक्स्टेन्शन्स सात, शिवाय प्रत्येक देशाचं दोन अक्षरी एक. आणखी काही निर्माण होण्याची शक्यता अगदीच कमी. त्याच सुमाराला वेबवर फॉर्म आले. पत्ता लिहिताना लोक चुकतात, म्हणून प्रोग्रॅमरांनी तपासणीची ओळ लिहिली: शेवटच्या डॉटनंतर दोन किंवा तीन अक्षरं असतील तरच पुढे जाऊ द्या. त्या दिवसांत ही तपासणी बरोबर होती. पण चालणारी ओळ कुणी पुन्हा लिहीत बसत नाही. ती पुस्तकांतल्या नमुन्यांत गेली, तिथून तयार लायब्रऱ्यांत, आणि तिथून तिचा जन्म कधी झाला हे ठाऊक नसलेल्यांच्या कामात.

नोव्हेंबर २००० मध्ये मरीना डेल रे इथल्या बैठकीत डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या ‘आयकॅन’ने सात नवी नावं निवडली. त्यांत इन्फो, एरो, म्युझियम होती. २००१ मध्ये डॉट इन्फो वापरात आलं आणि चार अक्षरांपाशी फॉर्म अडले. काहींनी तीनच्या जागी चार केलं. म्युझियम सहा अक्षरांचं होतं! आकडा बदलून रोग जात नव्हता, कारण मर्यादा घालणं हाच रोग होता. फेब्रुवारी २००४ मध्ये जॉन क्लेन्सिन यांनी प्रोग्रॅमरांसाठी खास टिपण लिहून लांबीवरून नाव ठरवणं सोडायला सांगितलं. खात्री हवी असेल तर डोमेन व्यवस्थेलाच विचारावं. मला हे टिपण या सगळ्या इतिहासातलं सर्वांत उपयोगाचं वाटतं.

तरी फारसं हललं नाही. हा बिघाड आवाज करत नाही. ज्याचा पत्ता नाकारला जातो तो दुसरा, जुन्या धाटणीचा पत्ता देतो किंवा निघून जातो. वेबसाइटच्या मालकाला एक माणूस कमी झाल्याचं कळतही नाही, आणि मालक बोलत नाही म्हणून प्रोग्रॅमर ती ओळ उघडत नाही. तोवर नावं मात्र वाढत राहिली. नव्या नावांच्या २०१२ च्या फेरीत प्रत्येकी १,८५,००० डॉलर शुल्काचे १,९३० अर्ज आले. २३ ऑक्टोबर २०१३ ला त्यांतली पहिली चार एक्स्टेन्शन्स दाखल झाली: एक अरबी, दोन सिरिलिक, एक चिनी.

फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘युनिव्हर्सल अॅक्सेप्टन्स’ नावाने सुकाणू गट उभा राहिला. त्याने मागणी पाच क्रियापदांत बांधली: पत्ता स्वीकारा, तपासा, साठवा, त्यावर प्रक्रिया करा, नीट दाखवा. पाचही गोष्टी जमल्या तरच काम झालं. प्रोग्रॅमरांपुरतं बोलून भागत नाही हेही गटाला उमगलं. २०१७ मध्ये त्याने उद्योगांपुढे ९.८ अब्ज डॉलरच्या संधीचा अंदाज ठेवला. तत्त्वाने न हललेली माणसं हिशेबाने हलतील, ही अटकळ मला योग्य वाटते.

मराठीचा संबंध इथे थेट येतो. डोमेन व्यवस्था रोमन अक्षरं, अंक आणि जोडरेघ एवढंच वाहून नेते. मार्च २००३ मध्ये मानक झालेली ‘प्युनीकोड’ ही युक्ती देवनागरी नाव त्याच अक्षरांत गुंडाळते. २७ ऑगस्ट २०१४ ला ‘डॉट भारत’ सुरू झालं, मराठी आणि कोकणीसह आठ भाषांसाठी. मात्र आपला ‘दऱ्या’मधला र संगणकावर दोन रीतींनी लिहिला जातो, आणि त्यांतल्या एकीत अदृश्य जोडचिन्ह असतं. सुरुवातीच्या नियमांत ते चिन्ह गाळलं जाई. मग ‘दऱ्या’ लिहिणाऱ्याच्या पदरी ‘दर्या’ पडे. अशी अक्षरं रूट झोनच्या, म्हणजे डोमेन व्यवस्थेतल्या सर्वांत वरच्या यादीच्या, नियमांत बसवायला भारतीय लिपींच्या जाणकारांना एकत्र बसावं लागलं.

ई-मेलचं घोडं आणखी मागे राहिलं. @च्या दोन्ही बाजूंना देवनागरी असलेल्या पत्त्यांची मानकं २०१२ मध्ये आली, पण वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरने ती पाळली तरच पत्र पोचतं. जीमेलने ऑगस्ट २०१४ मध्ये अशी पत्रं घ्यायला सुरुवात केली. २०१६ मध्ये जयपूरच्या एका कंपनीने भारतीय भाषांतले पत्ते द्यायला सुरुवात केली. तिचे प्रमुख अजय डाटा पुढे सुकाणू गटाचे अध्यक्ष झाले. २८ मार्च २०२३ ला पहिला ‘युनिव्हर्सल अॅक्सेप्टन्स दिवस’ पाळला गेला.

दुरुस्ती लहान आहे. लांबीची अट काढायची, गोठवलेली यादी फेकायची, डोमेन आहे का ते व्यवस्थेला विचारायचं आणि त्या पत्त्यावर खात्रीचं पत्र पाठवायचं. तपासणीची ती जुनी ओळ कुठे अडून बसली आहे ते शोधणं मात्र कठीण, आणि ते अडलेल्यालाच दिसतं. म्हणून दुसरा पत्ता देऊन पुढे सरकण्याआधी त्या वेबसाइटला चार ओळी लिहाव्यात: कोणतं पान, कोणता पत्ता टाकला, कोणता संदेश आला, आणि हाच पत्ता दुसरीकडे चालतो ही माहिती.