मजुमदार–घोष प्रतिमान

प्रतिलोहचुंबकी स्पिन-साखळीचे एकमितीय पुंजयामिकी प्रतिमान. चंचलकुमार मजुमदार व दीपन घोष यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून १९६९ मध्ये ते मांडले. साखळीतला प्रत्येक १/२ स्पिन लगतच्या स्पिनाच्या उलट वळू पाहतो. एकाआडच्या स्पिनाशीही त्याची तशीच, पण बरोबर निम्म्या बळाची आंतरक्रिया असते. दोन्ही ओढी एकाच वेळी भागत नाहीत. या पेचातून सुटण्यासाठी शेजारचे स्पिन दोन-दोन करून शून्य एकूण स्पिनाच्या जोड्या बांधतात. टोके जुळवलेल्या सम संख्येच्या साखळीत हे दोन प्रकारे जमते, म्हणून न्यूनतम ऊर्जेच्या अवस्थाही दोन.

सिद्धता विलक्षण सुटसुटीत आहे. वहीच्या पानावर मावते. सलग कोणतेही तीन स्पिन घेतले, तरी त्यांत एक पुरी जोडी असतेच. त्यामुळे त्रिकुटाचा एकूण स्पिन १/२ राहतो, आणि त्रिकुटाची ऊर्जा याहून खाली जाऊच शकत नाही. बहुकण प्रश्नांत असे भाग्य क्वचितच लाभते.

दोन मांडण्यांच्या सीमेवर एकटा पडलेला स्पिन साखळीभर फिरू शकतो. त्याला स्पिनॉन म्हणतात. श्रीराम शास्त्री व बिल सदरलँड यांनी १९८१ मध्ये जोड्यांची अशीच अचूक अवस्था द्विमितीय जालकात दाखवली.