खर्जाचा खर्च

संगीताच्या राज्यात समता नाही. सनईवाला गाल फुगवतो आणि वरात निघाल्याचे तीन गल्ल्यांपलीकडे कळते. उलट खालचे सूर सांभाळणारा बिचारा घाम गाळून वाजवतो, पण शेजारी बसलेल्या व्याह्यांनाही त्याचा पत्ता लागत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर बारीक सूर म्हणजे ठेवीदार आणि जाडा सूर म्हणजे जन्माचा कर्जदार! यात वाजवणाऱ्याचा दोष नाही. १९३३ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजूनच दाखवले, की माणसाचा कान खालच्या सुरांच्या बाबतीत मुळात बहिरट आहे. मधल्या पट्टीइतकेच ऐकू यायचे, तर खर्जाला कितीतरी जास्त जोर लावावा लागतो.

आमच्या जिल्ह्याने यावर विजेशिवाय तोडगा काढला होता. नाशिकचा ढोल! भलेथोरले पान, त्यावर टोला. एका फटक्यात एवढी हवा ढकलली जाते, की आवाज कानाच्या आधी छातीला कळतो. १८९३ च्या सुमारास लोकमान्यांनी गणपती चव्हाट्यावर आणला, तेव्हा लाऊडस्पीकर जन्माला यायचा होता. बाप्पांचे काही अडले नाही.

गोऱ्यांच्या वाद्यवृंदात हे काम डबल बासकडे असे. म्हणजे कपाटाएवढे सारंगीचे भावंड. १९५१ साली कॅलिफोर्नियाच्या लिओ फेंडर यांनी ते गळ्यात अडकवण्याजोगे केले आणि बास गिटार बाजारात आली. कपाट गेले, पण कपाटाबरोबर त्याची पोकळीही गेली, आणि आवाज वाढवायचे सगळे ओझे विजेवर पडले. म्हणून १९५२ साली 'बासमन' नावाचा ॲम्प्लिफायर निघाला, आत १५ इंची एकच स्पीकर. आणि गंमत पाहा, साध्या गिटारवाल्यांनाच त्याचा आवाज जास्त आवडला! लंडनच्या जिम मार्शल यांनी १९६२ मध्ये त्याच धर्तीवर आपले यंत्र बांधले, आणि गिटारवाले आणखी मोठ्याने वाजवू लागले. खर्जासाठी बांधलेल्या खोलीत तारस्वर भाडेकरू म्हणून शिरला आणि घरमालकालाच बाहेर काढून बसला.

मग सुरू झाली चढाओढ. 'द हू' या मंडळीत बासवाल्या एन्टविसलनी मोठी यंत्रे आणली, म्हणून गिटारवाल्या टाउनशेंडनी त्याहून मोठी आणली. १९६९ मध्ये ॲम्पेग कंपनीने बाससाठी चक्क ३०० वॉटचे यंत्र काढले. 'द हू'चा १९७६ चा लंडनमधला कार्यक्रम सर्वांत कर्कश म्हणून गिनेसच्या बुकात गेला. पुढे लोकांच्या कानांच्या काळजीने गिनेसने तो विक्रम नोंदवणेच बंद केले. टाउनशेंडच्या कानांनी मात्र आपली नोंद आधीच करून ठेवली होती. ते गुणगुणू लागले ते कायमचे.

आपण मागे राहिलो असे समजू नका. १९१२ साली जपानच्या नागोयात निघालेले एक बटणांचे तंतुवाद्य आपल्याकडे येऊन बुलबुल तरंग झाले, त्याला वीज जोडली आणि त्याच्या नावाने बेंजो पार्ट्या निघाल्या. आता आमच्या पिंपळगाव बसवंतला लग्नसराईत आग्रा रोडच्या ट्रकांचे हॉर्न आणि वरातीची ट्रॉली यांत कोण जिंकते ते सांगणे कठीण.

अशाच एका ऑर्केस्ट्रातला बास गिटारवाला पोरगा माझ्या टेबलाशी आला.

"काका, माझा ३० वॉटचा ॲम्प कोणाला ऐकूच येत नाही. ३०० चा घ्यायचाय. कर्ज होईल?"

मी कॉमर्सचा पदवीधर. आधी हिशेब मांडला. वॉट दसपट केले, की वाढतात फक्त १० डेसिबल. म्हणजे कानाला आवाज साधारण दुप्पट. दहा रुपये भरा, दोनाचा माल न्या! अशी योजना आम्ही काढली, तर ठेवीदार फर्निचर शिल्लक ठेवणार नाहीत. शिवाय बासची सर्वांत जाडी तार सेकंदाला ४१ वेळा थरथरते; तिची लाट आठ मीटरहून लांब, कांद्याच्या ट्रकएवढी. ती छोट्या स्पीकरने ढकलायची म्हणजे चमच्याने विहीर उपसायची!

"अरे बाबा, आधी त्याच जोडीचा दुसरा स्पीकर लाव. त्याने खालच्या पट्टीत वर तीनेक डेसिबल पदरात पडतात. खर्जाचे बटण पिळण्यापेक्षा मधल्या सुरांचे थोडे वाढव. बास ओळखू येतो तो त्यांनी. आणि तुमच्या गिटारवाल्याला आवाज कमी करायला सांग."

"तो कशाला कमी करील, काका? त्यालाही मी ऐकू येत नाही."

यावर मला उत्तर नव्हते. एन्टविसललाही ते सापडले नव्हते.

कायद्याने उत्तर दिले आहे. २००० सालच्या नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. पण कानाला पोलीस लागत नाही. ८५ डेसिबल आठ तास सोसवतात. पुढे दर तीन डेसिबलला मुदत निम्मी, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे. कानातल्या केसपेशी डोक्यावरच्या केसांसारख्याच. गेल्या की गेल्या, नूतनीकरण नाही. एवीतेवी ज्याला ऐकू यावे म्हणून हा खटाटोप, त्यानेच बहिरे व्हायचे?

पोराने कर्ज घेतले, पण ठरवल्याच्या निम्मे. त्यात दुसरा स्पीकर आला, आणि उरलेल्या पैशांत ट्रॉलीवरच्या सर्वांसाठी कानात घालायचे बोळे. गिटारवाल्याने ते घातले, आणि त्याला म्हणे पहिल्यांदाच बास ऐकू आला.