‘वार’ आडनावांचा मुलूख

नल्लकुंटा म्हणजे तेलुगूत ‘काळे तळे’. हैदराबादच्या या वस्तीत कोणी कन्नमवार वा मुनगंटीवार हे आडनाव उच्चारले, तर तेलुगू शेजाऱ्याला ते निम्मे आपलेच वाटावे. त्यातील ‘वार’ हा तेलुगूचा आदरार्थी ‘वारु’, म्हणजे अमुक घराण्याची मंडळी. मराठी ‘कर’ गाव सांगतो. ‘वार’ घर सांगतो.

इंग्लंडात हेन्री गपी यांनी शेतकऱ्यांची आडनावे परगण्यापरगण्याने मोजून १८९० साली ग्रंथ सिद्ध केला. त्या दृष्टीने पाहिल्यास ‘वार’ आडनावे चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ व नांदेडकडे दाट, तर पश्चिमेकडे विरळ होत गेलेली दिसतात. १९६२ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले मारोतराव कन्नमवार चांद्याचेच.

याच मुलुखातून १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेची रेषा गेली. (‘भाषावार’मधला ‘वार’ मात्र निराळा!) आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा मुंबई राज्यात आले, नांदेडकडील मुधोळ, भैंसा आंध्र प्रदेशात गेले.

मोजणाऱ्याची खरी पंचाईत रेषेपलीकडे होते. मराठीत अखेरीस येणारे कुळनाव तेलुगूत व्यक्तिनामाच्या आधी येते आणि पुष्कळदा एका आद्याक्षरात मिटून जाते. पी. व्ही. नरसिंह राव यांच्या ‘पी’मध्ये ‘पामुलपर्ती’ हे घराणे दडलेले आहे. तेव्हा नल्लकुंट्याच्या एखाद्या यादीत ‘वार’ आढळले नाहीत, तरी ती घराणी तेथे नाहीत असे ठरत नाही.