सार्वजनिक विद्यापीठ आणि विभागीय क्रीडा-परिषद : मेरीलँड विद्यापीठाचा ऐतिहासिक अभ्यास (१९२१–२०१४)

प्रस्तावना :

अमेरिकेतील विद्यापीठीय क्रीडाक्षेत्रात विभागीय क्रीडा-परिषदांचे स्थान मध्यवर्ती आहे. या परिषदा शासनाने निर्माण केलेल्या नाहीत; शेजारच्या विद्यापीठांनी परस्परसंमतीने त्या स्थापन केल्या. सामन्यांचे वेळापत्रक, सभासदांना बंधनकारक असणारे नियम आणि उत्पन्नाची वाटणी हे त्यांचे प्रमुख विषय होत. सार्वजनिक विद्यापीठ जेव्हा अशा परिषदेत सामील होते किंवा तीमधून बाहेर पडते, तेव्हा त्या निर्णयात कोणाचे हित पाहिले जाते, हा प्रश्न उपस्थित होतो. प्रस्तुत निबंधात मेरीलँड विद्यापीठाच्या उदाहरणावरून त्याचा विचार केला आहे.

परिषदेचा जन्म :

१९२१ मध्ये स्थापन झालेल्या सदर्न कॉन्फरन्सचे मेरीलँड हे संस्थापक सभासद होते. १९५१ मध्ये या परिषदेने हंगामाअखेरच्या निमंत्रित 'बाऊल' सामन्यांत सहभागी होण्यास सभासदांना मनाई केली. फुटबॉलचे वाढते व्यापारीकरण रोखणे हा त्यामागील हेतू होता. तथापि मेरीलँडने शुगर बाऊलचे आणि क्लेम्सनने गेटर बाऊलचे निमंत्रण स्वीकारले. १ जानेवारी १९५२ रोजी मेरीलँडने टेनेसीचा २८–१३ असा पराभव केला. परंतु शिक्षा म्हणून १९५२ च्या हंगामात परिषदेतील संघांशी खेळण्यास या दोन्ही विद्यापीठांवर बंदी आली. मेरीलँडचे तत्कालीन अध्यक्ष हॅरी बर्ड हे पूर्वाश्रमीचे फुटबॉल प्रशिक्षक होते, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

८ मे १९५३ रोजी ग्रीन्सबरोनजीक सात विद्यापीठांनी जुनी परिषद सोडण्याचा निर्णय घेतला आणि त्यातून अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचा उदय झाला. मेरीलँड, क्लेम्सन, ड्यूक, नॉर्थ कॅरोलिना, नॉर्थ कॅरोलिना स्टेट, साउथ कॅरोलिना आणि वेक फॉरेस्ट ही ती सात विद्यापीठे. त्याच वर्षाच्या अखेरीस व्हर्जिनिया विद्यापीठ त्यांना येऊन मिळाले.

सहा दशकांचे सहजीवन :

या परिषदेत मेरीलँडचे स्थान उत्तर सीमेवरचे होते. १९६३ मध्ये डॅरिल हिल हे मेरीलँडकडून खेळणारे परिषदेतील पहिले कृष्णवर्णीय फुटबॉलपटू ठरले. दक्षिणेकडील मैदानांवर त्यांना वंशद्वेषाचा सामना करावा लागला. यावरून परिषदेचे सभासदत्व हा सामाजिक संघर्षाचाही भाग होता, हे स्पष्ट होते. १९७४ च्या परिषद-अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलिना स्टेटने मेरीलँडचा अतिरिक्त वेळेत १०३–१०० असा निसटता पराभव केला. एका परिषदेतून एकच संघ राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेत जाण्याच्या तत्कालीन नियमामुळे मेरीलँडसारख्या बलाढ्य संघाला तीत प्रवेश मिळाला नाही. १९७५ पासून हा निर्बंध दूर झाला. २००२ मध्ये मेरीलँडने राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले.

विच्छेद :

क्रीडाविभागाच्या आर्थिक तुटीमुळे जुलै २०१२ मध्ये विद्यापीठाने सात क्रीडासंघ बंद केले. सप्टेंबर २०१२ मध्ये परिषदेने बाहेर पडणाऱ्या सभासदावरील शुल्क सुमारे ५ कोटी २० लाख डॉलरपर्यंत वाढविले. मेरीलँडने या वाढीस विरोध केला होता. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत, १९ नोव्हेंबर २०१२ रोजी, अध्यक्ष वॉलेस लोह यांनी बिग टेन परिषदेत जाण्याचा निर्णय जाहीर केला. दूरचित्रवाणी हक्कांतून तेथे मिळणारे मोठे उत्पन्न हे त्याचे मुख्य कारण होते. नियामक मंडळाने या विषयावरील चर्चा बंद दाराआड केली. पुढे उभय पक्षांत न्यायालयीन वाद झाला. १ जुलै २०१४ रोजी मेरीलँड बिग टेनचे सभासद झाले आणि ऑगस्ट २०१४ मध्ये सुमारे ३ कोटी १४ लाख डॉलरवर तडजोड झाली.

निष्कर्ष :

१९५३ आणि २०१२ या दोन्ही प्रसंगी सामूहिक बंधनापेक्षा फुटबॉलच्या बाजारातील संधी प्रबळ ठरली. त्यामुळे २०१२ च्या निर्णयाला केवळ 'परंपरेचा भंग' म्हणणे अपुरे आहे. ज्या परंपरेचा भंग झाला, तिचा पायाच एका विच्छेदावर उभा होता. तरीही दोन्ही प्रसंगांत एक महत्त्वाचा भेद आढळतो. १९५३ मध्ये शेजारी विद्यापीठे एकत्र बाहेर पडली, तर २०१२ मध्ये एका विद्यापीठाने शेजार सोडला. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली आणि स्टॅनफर्ड ही विद्यापीठे 'अटलांटिक किनाऱ्याच्या' परिषदेत दाखल झाल्यावर प्रादेशिकता नावापुरतीच उरली.

सार्वजनिक विद्यापीठ जनतेच्या करातून आणि विद्यार्थ्यांच्या शुल्कातून चालते. ज्या निर्णयाचे आर्थिक दायित्व कोट्यवधी डॉलरचे असते आणि ज्याचे परिणाम पुढील अनेक विद्यार्थिपिढ्यांना भोगावे लागतात, तो खुल्या चर्चेविना घेतला जाणे लोकशाही प्रशासनाशी विसंगत आहे. परिषद कोणती असावी, यापेक्षा ती कोणी आणि कोणत्या पद्धतीने निवडावी, हाच या इतिहासातून पुढे येणारा मूलभूत प्रश्न होय.